घाट उतरताना

परवा शिळफाट्याहून महाप्याला येत होतो. शेजारी बाबा. पारसिकच्या डोंगराची चढण संपून महाप्याकडचा उतार लागला, तशी सवयीने मी गाडी न्यूट्रलला टाकली. पेट्रोल वाचतं म्हणे. बाबा इतका वेळ खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "आधी गियरमध्ये घे."

आवाज चढा नव्हता, पण घरातलाही नव्हता. ड्यूटीवरचा होता. मी निमूटपणे गियर टाकला.

नातेवाईक मंडळींना माहीत आहेच, बाकीच्यांसाठी सांगतो. बाबा मालगाडीवर गार्ड होते आणि बोरघाटात त्यांची बरीच वर्षं गेली. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला एक रेघ काढली. आडवी ३७ आणि उभी १. बोरघाटाचा सगळ्यात तीव्र चढ एवढाच आहे, ३७ फुटांना १ फूट. म्हणजे जेमतेम दीड अंश. मी म्हटलं, "बाबा, याला काय उतार म्हणायचं?"

"माणसाला नाही. चाकाला विचार."

मग हिशोब मांडला. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार कमी घासतं. सपाटीवर १,००० टनांची गाडी सावकाश चालती ठेवायला दोन-तीन टनांची ओढ पुरते. रेल्वे स्वस्त पडते ती यामुळेच. पण तीच गाडी ३७ला १च्या उतारावर ठेवली, तर तिच्या वजनाचा सदतिसावा हिस्सा, सुमारे २७ टन, तिला खाली ओढतो. अडवणारे दोन-तीन, ओढणारे २७. ब्रेक नसेल तर एका मिनिटात वेग ताशी ५० किलोमीटरच्या पुढे! सपाटीवर जे वरदान, तेच उतारावर वैरी.

हे गणित गॅलिलिओने मांडून ठेवलं होतं. उतरत्या फळीवरच्या खाचेतून गोळा सोडायचा, भांड्यातून गळणारं पाणी तोलून वेळ मोजायची. १६३८ साली छापलेल्या पुस्तकात त्याने लिहिलं, की वेळ दुप्पट झाली तर अंतर चौपट होतं. घाटात सुटलेली गाडी पहिल्या मिनिटात साडेचारशे मीटर जाईल, तर दोन मिनिटांत पावणेदोन किलोमीटर. उशिरा लावलेला ब्रेक म्हणूनच महाग पडतो. आणि गोळा जड असो की हलका, वेग वाढतो सारखाच. अडवताना मात्र जडाला जास्त जोर लागतो.

बोरघाटाचं काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६३ साली घाट खुला झाला. सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढ, २५ बोगदे. जी.आय.पी. रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले १८६२ साली वारले, घाट पुरा झालेला त्यांना बघायला मिळाला नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आल्यावर थोड्याच दिवसांत गेले. पुढे कंत्राट तडीस नेलं ते त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी. पटकी आणि तापाने मेलेल्या मजुरांची नावं मात्र कुठे सापडत नाहीत.

खंडाळ्याजवळ वळायला जागाच नव्हती, म्हणून रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी टोकाला जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने निघायची. १९२९च्या सुमारास नवा मार्ग झाला आणि ते बंद पडलं. सुरुवातीच्या काळात सगळ्या डब्यांना एकदम लागणारा ब्रेकच नव्हता. ब्रेकवाले हाताने चाकं फिरवून ब्रेक आवळायचे. वेस्टिंगहाऊसचा आपोआप लागणारा हवेचा ब्रेक आला १८७२ साली.

घाट चढायचा तर कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात, हे तिथला वडा खाताना सगळ्यांनीच पाहिलंय. उतरणीच्या कॅच सायडिंगकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. तिथे सांधा मुळातच मुख्य मार्गाला जोडलेला नसतो, तो चढावर जाणाऱ्या आडवाटेला जोडलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचं, मगच पुढची वाट मिळते. गाडी आवरली नाही, तर ती त्या चढावर जाऊन दमते. ज्या चढ-उताराने वेग दिला, त्यानेच तो काढून घ्यायचा.

"म्हणून उतरताना मी कधी डबा उघडला नाही," बाबा म्हणाले. "एक डोळा गेजवर, एक हात ब्रेकच्या चाकावर. कर्जत आलं की मग भूक कळायची. तोवर पोळी गार झालेली, आणि समोर गरम वडा."

मी गप्पच झालो. लोणावळ्याच्या क्वार्टरमध्ये परत आलेला भरलेला डबा उघडून आई दर वेळी म्हणायची, "माझ्या हातचं आवडत नाही यांना." बाबा हसण्यावारी न्यायचे. घाटाचं भय घरात आणायचं नाही, असा त्यांचा नियम असावा.

आज आई असती तर तिला फोन करून सांगितलं असतं. असो. इथे लिहून ठेवतोय, ताई वाचेल.

आणि हो, महाप्याचा उतार आता मी गियरमध्येच उतरतो.