नंबर, ऑन आणि पुनर्विक्रीची बंदी

करमाडहून जालना रस्त्याने छत्रपती संभाजीनगरकडे निघाले की आधी शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. तिथे २००१ साली स्कोडाचा मोटार कारखाना सुरू झाला. शहर ओलांडून पश्चिमेला गेले की वाळूज. तिथे १९८५ साली बजाज ऑटोच्या स्कूटर तयार होऊ लागल्या. आपल्या भागाला मोटारींचा जिल्हा अशी ओळख मिळाली ती या दोन टोकांमुळे. पण वाहन मिळण्याआधी वाहनाची वाट पाहण्याचा एक मोठा काळ होऊन गेला. तो काळ आज पुन्हा आठवण्याचे कारण परदेशातून आले आहे.

अमेरिका, जपान आणि युरोपातील काही मोटार कंपन्या आपल्या दुर्मीळ गाड्या विकताना ग्राहकाकडून लिहून घेतात, की ही गाडी ठरावीक मुदतीत विकणार नाही. मागणी अफाट आणि गाड्या मोजक्या, म्हणून गाडी हाती येताच दीडपट-दुप्पट भावाने विकणारे पुष्कळ निघतात. त्यांना आवरण्यासाठी ही अट. ही युक्ती नव्या जमान्याची आहे असा अनेकांचा समज दिसतो. प्रत्यक्षात भारत सरकारने जवळजवळ अशीच अट साठ-पासष्ट वर्षांपूर्वी घातली होती, आणि तीही फियाट मोटार आणि साध्या स्कूटरवर.

त्या वेळची व्यवस्था थोडक्यात अशी. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने कारखान्याने किती माल काढायचा हे परवान्याने ठरे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट तयार होई. पुढे तिचेच नाव पद्मिनी झाले. आकुर्डीत बजाज ऑटो इटलीच्या पियाज्यो कंपनीशी झालेल्या करारानुसार व्हेस्पा स्कूटर बनवी. तो करार १९७१ मध्ये संपला आणि ‘चेतक’ आली. उत्पादनावर परवान्याची मर्यादा, किमतीवर सरकारी अंकुश आणि आयातीला बंदी. मागणी मात्र दरवर्षी वाढणारी. मग रांग लागणारच. ‘नंबर लावणे’ आणि ‘नंबर लागणे’ हे शब्दप्रयोग त्या पिढीच्या तोंडी बसले ते असे.

रांग लागली की तिचा बाजारही भरतो. चेतकसाठी काही ठिकाणी दहा-दहा वर्षे थांबावे लागे. ज्याचा नंबर लागला त्याच्या हाती नुसती स्कूटर येत नसे, तर सरकारी किंमत आणि बाजारातली किंमत यांतला फरकही येई. या फरकाला लोक ‘ऑन’ म्हणत. स्कूटर चालवताही न येणारी माणसे नंबर लावून ठेवत ती या ऑनसाठी. परकीय चलनात पैसे भरले तर स्कूटर लवकर मिळे, म्हणून आखातात नोकरीला गेलेला नातेवाईक हाही मोठा आधार असे.

सरकारने यावर उपाय म्हणून मोटारींसाठी १९५९ मध्ये आणि स्कूटरसाठी १९६० मध्ये वितरण व विक्री नियंत्रण आदेश काढले. विक्रेत्याने नोंदणीच्या क्रमानेच गाडी द्यावी, नोंदणीसोबत अनामत घ्यावी, आणि नवी गाडी घेणाऱ्याने नियंत्रकाच्या परवानगीवाचून ती ठरावीक मुदतीत विकू नये, असा या नियंत्रणाचा रोख होता. अनामतीमुळे हौशे-गवशे दूर राहावेत, क्रमामुळे वशिला थांबावा आणि पुनर्विक्रीच्या बंदीमुळे ऑन बुडावा, असा हा तिहेरी बंदोबस्त.

तो पुरा पडला नाही, आणि का पडला नाही हे समजून घेण्यासारखे आहे. कायदा कागदावरचे नाव पाहतो. गाडी कोण चालवतो, हे रोज कोण पाहणार? मालकी बदलाच्या कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन ठेवली, पैसे रोख मोजले, की नाव एकाचे आणि वाहन दुसऱ्याचे. मुदत संपली की कागद आरटीओत दाखल करता येई. बंदीमुळे व्यवहार थांबला नाही. तो अंधारात गेला. अंधारातला धोका पत्करण्याची किंमतही मग ऑनमध्येच मिसळली.

या ऑनचा भार कोणी उचलला, याकडे आपल्या औद्योगिक इतिहासात फारसे लक्ष गेलेले नाही. स्कूटर लग्नाच्या याद्यांमध्ये शिरली होती. हुंडाबंदीचा कायदा १९६१ मध्ये झाला, तरी ‘मुलाला बजाज पाहिजे’ हे वाक्य बैठकीत उघडपणे बोलले जाई. लग्नाची तिथी दहा वर्षे थांबत नाही. म्हणून ज्याच्याजवळ नंबर नाही त्या वधूपित्याला ऑन देऊनच स्कूटर आणावी लागे. दिल्लीत ठरलेल्या उत्पादनमर्यादेची किंमत अशा रीतीने खेड्यातला एखादा शेतकरी किंवा शाळामास्तर कर्ज काढून चुकती करी.

हा बाजार मोडला तो उत्पादन वाढल्यावर. १९६८ पासून बजाज ऑटोची धुरा सांभाळणारे राहुल बजाज परवान्याहून जास्त उत्पादन करू देण्यासाठी सरकारशी जाहीरपणे भांडत राहिले. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते वाळूजच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. तो सोळा महिन्यांत उभा राहिला होता. त्याच सुमारास हीरो होंडा, कायनेटिक होंडा, एलएमएल बाजारात उतरल्या. १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांची आणि १९९३ मध्ये मोटारींची परवाना पद्धत गेली. दुकानात स्कूटर उभी दिसू लागली आणि ऑन हा शब्द वाहनांपुरता तरी विस्मरणात गेला.

आता परदेशातील उदाहरणे पाहू. २०१६ मध्ये फोर्ड कंपनीने ‘जीटी’ या गाडीसाठी अर्ज मागवले, तेव्हा पहिल्या ५०० गाड्यांसाठी साडेसहा हजारांवर अर्ज आले. निवडलेल्या ग्राहकाने दोन वर्षे गाडी विकायची नाही असा करार होता. कुस्तीगीर आणि अभिनेता जॉन सीना याने ती काही आठवड्यांतच विकली. फोर्डने २०१७ मध्ये दावा लावला. पुढच्या वर्षी तडजोड झाली, सीनाने माफी मागितली आणि तडजोडीची रक्कम धर्मादाय कामाला गेली. पण २०१८ मध्ये दुसरी एक जीटी लिलावात १६ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली, आणि फोर्डला ती विक्री थांबवता आली नाही. विकणारा दुसरा मालक होता. मूळ करारावर त्याची सहीच नव्हती.

जनरल मोटर्सने २०२२ मध्ये दंड आणि आमिष दोन्ही वापरले. कॉर्व्हेट झेड-०६ वर्षाच्या आत विकली तर वॉरंटीला मुकावे लागेल, आणि वर्षभर सांभाळली तर सुमारे पाच हजार डॉलर मोलाचे गुण मिळतील. टेस्लाने सायबरट्रकच्या करारात वर्षाच्या आतील विक्रीसाठी ५० हजार डॉलरांच्या भरपाईचे कलम घातले. पोर्शेने अमेरिकेत २०२३ मध्ये ९११ एस/टी ही गाडी पहिले वर्ष भाड्यानेच देण्याचे ठरवले. गाडी नावावरच नाही, तर विकणार काय! जपानमध्ये टोयोटाच्या लँड क्रूझरसाठी २०२१ मध्ये ग्राहकांकडून वर्षभर न विकण्याची हमी घेतली गेली.

वरवर पाहता हे सगळे आपल्या नियंत्रण आदेशाचेच भाईबंद वाटतात. अट तीच आहे, हेतू मात्र उलटा आहे. आपल्याकडे टंचाई कंपनीवर लादलेली होती. अतिमहाग स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत मोजक्या गाड्या काढायच्या हे बहुधा कंपनीच ठरवते. उत्पादन वाढवले तर ऑन आपोआप संपेल. पण मग गाडीचा रुबाबही संपेल. किंमत वाढवली तरी ऑन संपेल; पण मग जुन्या, निष्ठावान ग्राहकाला मेहेरबानी म्हणून द्यायला काही उरणार नाही. म्हणून कंपनी किंमत मुद्दाम थोडी खाली ठेवते आणि तो फरक कोणाच्या पदरात पडावा हे स्वतः निवडते. पुनर्विक्रीच्या बंदीने ही निवड राखली जाते. रांगेतल्या सामान्य माणसाशी तिचा संबंध कमीच.

तेव्हा कोणत्याही बंदीकडे पाहताना विचारायचा प्रश्न एकच: दोन किमतींमधला हा फरक निर्माण कोणी केला, आणि तो खिशातून कोणाच्या गेला? जीटीच्या लिलावात श्रीमंताने श्रीमंताला पैसे मोजले. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. चेतकचा ऑन मात्र ज्याने मोजला, त्याचा टंचाई घडवण्यात काहीच हात नव्हता. आदेशाने विकणाऱ्याला गुन्हेगार ठरवले आणि टंचाई तशीच ठेवली. नंबर, अनामत, मुदत यांनी पंचवीस वर्षांत जे साधले नाही, ते वाळूजच्या माळावर सोळा महिन्यांत उभ्या राहिलेल्या कारखान्याने आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनी काही वर्षांत साधले. गरजेच्या वस्तूची रांग संपवायची असेल, तर रांगेतल्या माणसावर पहारा बसवून भागत नाही. वस्तू पुरेशी तयार करावी लागते.