टेनिस खेळताना शरीराची ठेवण आणि तोल कसा सांभाळावा?

चाळिशीनंतर पुन्हा रॅकेट हातात घेतलेले रुग्ण माझ्याकडे बहुधा तीन तक्रारी घेऊन येतात: कोपराची बाहेरची बाजू दुखणे, कंबर धरणे आणि घोटा मुरगळणे. तिन्हींचे मूळ अनेकदा एकच असते. पाय वेळेवर चेंडूपर्यंत पोहोचत नाहीत, तोल जातो आणि पायांचे काम हात व कंबर करू पाहतात.

उभे कसे राहावे?

पायांमधले अंतर खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडे जास्त, गुडघे किंचित वाकलेले, वजन चवड्यांकडे. पुढे झुकायचे ते खुब्यातून. पाठ सरळच राहते. बरेच जण गुडघे ताठ ठेवून कमरेतून वाकतात. तासभर असे खेळले की दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठताना कंबर बोलते.

समोरचा खेळाडू चेंडू मारत असतानाच जमिनीपासून बोटभर वर, अशी छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरायचे असते. प्रशिक्षक याला 'स्प्लिट स्टेप' म्हणतात. त्यामुळे कोणत्याही दिशेला निघण्यासाठी पाय तयार असतात. गुडघ्यांची झीज असेल तर उडी न मारता फक्त गुडघे हलकेच वाकवा.

फटका मारताना

टेनिसच्या चेंडूचे वजन जेमतेम ५६ ते ५९ ग्रॅम असते. तरीही तो उशिरा, शरीराच्या मागे लागला, की सगळा धक्का मनगट आणि कोपरावर येतो. एकहाती बॅकहँडमध्ये हे हमखास होते. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंचा कंडरा कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेला असतो. त्यावर वारंवार ताण आला की 'टेनिस एल्बो' होतो. (नाव टेनिसचे असले, तरी हा आजार कपडे पिळणाऱ्या आणि दिवसभर पाना-पेचकस चालवणाऱ्या हातांमध्येही भरपूर दिसतो.) म्हणून लहान लहान पावले टाकत चेंडूजवळ जा, खांदे वळवा आणि चेंडू शरीराच्या पुढे असतानाच मारा. कोपर दुखत असेल तर दोन्ही हातांनी बॅकहँड मारल्यास भार वाटला जातो.

तोल बरोबर आहे का, हे ओळखायची सोपी खूण आहे. फटका मारल्यावर क्षणभर तिथेच स्थिर उभे राहता येते का पाहा. प्रत्येक फटक्यानंतर एका बाजूला झोक जात असेल, तर ताकद कमी करून पायांकडे लक्ष द्या.

सर्व्हिसमध्ये कमरेला खरा धोका असतो. चेंडू डोक्याच्या मागे उडाला की कंबर एकाच वेळी मागे वाकते आणि पिळतेही. असा चेंडू मारूच नका. रॅकेट न फिरवता तो खाली पडू दिला किंवा झेलला, तर नियमानुसार फॉल्ट होत नाही. पालकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. वाढत्या वयातील खेळाडूची कंबर मागे वाकताना दुखत असेल आणि दोन आठवड्यांत थांबली नसेल, तर मणक्याच्या हाडाला सूक्ष्म तडा गेलेला असू शकतो. मलम चोळून सराव चालू ठेवू नका, तपासणी करा.

डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूसाठी तोंड समोर ठेवून मागे मागे पळणे हे पडण्याचे मोठे कारण आहे. टाच अडकते, माणूस पाठीवर पडतो आणि मनगट मोडते किंवा डोक्याला मार लागतो. आधी शरीर आडवे वळवा, मग मागे जा. साठीच्या पुढच्यांनी तो गुण सोडून दिलेलाच बरा.

बूट टेनिसचेच हवेत. धावण्याच्या बुटांची टाच उंच आणि मऊ असते, त्यामुळे आडवी हालचाल करताना पाय कलंडतो. कोर्ट ओले असेल तर खेळू नका आणि पायात आलेले चेंडू आधी बाजूला करा.

तोल कशामुळे बिघडतो?

स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी एका पायावर उभे राहून पाहा. १० सेकंदही जमत नसेल, तर कोर्टावर जाण्याआधी डॉक्टरांना भेटा. जमत असेल तर हाच सराव रोज करत ३० सेकंदांपर्यंत वाढवा. जोडीला टाचा उचलण्याचा व्यायाम करा. मधुमेहामुळे तळपायांची संवेदना कमी झाली असेल तर तोल जातो. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी चक्कर येऊ शकते, पण त्या स्वतःहून बंद करू नका. सर्व्हिससाठी वर पाहताच सगळे गरगरत असेल, तर तो कानातल्या तोलयंत्राचा दोष असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

डॉक्टरांकडे लगेच केव्हा जावे?

पोटरीत किंवा टाचेच्या वर कोणी मागून काठी मारल्यासारखे वाटले आणि चवड्यावर उभे राहता येईना, तर टाचेचा कंडरा तुटलेला असू शकतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके घेणाऱ्यांमध्ये हा धोका वाढतो, म्हणून त्या काळात खेळ थांबवा. घोटा मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढावा लागतो. कंबरदुखीसोबत पाय बधिर होत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. खेळताना छातीत दाब, धाप किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर खेळ तिथेच थांबवून खाली बसा आणि सोबत्याला १०८ वर फोन करायला सांगा.