वाटाण्याच्या अंकुरापासून चांद्रयानापर्यंत : आपल्याकडच्या ॲनिमेशनची गोष्ट

वसई-विरारमधल्या कोणत्याही शाळेत जा आणि मुलांना विचारा, ॲनिमेशन म्हणजे काय? उत्तर येईल, "कार्टून!" आणि त्यापाठोपाठ मोटू-पतलू, छोटा भीम अशी नावांची यादी. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. पालकांचेही मत साधारण तेच असते : ही लहान मुलांची करमणूक, अभ्यासाचा वेळ खाणारी. महाराष्ट्रात या कलेचा इतिहास पाहिला तर मात्र वेगळेच चित्र दिसते. आपल्याकडे ही कला आली ती समजावून सांगण्यासाठी. म्हणजे ती मास्तरांच्या जातकुळीतली आहे.

आधी शब्दाविषयी. ॲनिमेशनच्या मुळाशी लॅटिनमधला 'ॲनिमा', म्हणजे प्राण, हा शब्द आहे. उर्दूत आपण म्हणतो 'जान डालना', मराठीत म्हणतो 'जीव ओतणे'. निर्जीव चित्रात जीव ओतण्याची हौस माणसाला फार जुनी. इराणमध्ये शहर-ए-सोख्ता नावाचे एक प्राचीन नगर सापडले. उर्दू जाणणाऱ्यांना 'सोख्ता' म्हणजे जळालेले हे सांगायला नको. तिथे मिळालेल्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका मातीच्या वाडग्यावर बकरीची पाच चित्रे आहेत. वाडगा फिरवला की बकरी उडी मारून झाडाचा पाला खाताना दिसते. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतले एकेक चित्र पुढे करून गाण्यातून कथा सांगत आले. आणि आपल्या जवळच्या कल्याणमध्ये महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी 1890 च्या दशकात 'शांभरिक खरोलिका' हा खेळ चालवला. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडात पडद्यावर मोठी करायची, एकामागून एक अशी सरकवायची की पात्रे हालचाल करताहेत असे वाटावे, आणि सोबत निवेदन व संगीत. मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिए बंधूंचा सिनेमा 7 जुलै 1896 रोजी दाखवला गेला. कल्याणच्या या कुटुंबाचे प्रयोग त्याआधीच सुरू झाले होते.

यानंतर येतात दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' (1913) सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या आदल्या वर्षी फाळक्यांनी एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर ठेवला आणि रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर ते सलग दाखवले तेव्हा दिवसांचे काम काही क्षणांत झाले : बी फुटले, अंकुर वर आला, वेल वाढली. ही फिल्म पाहूनच त्यांचे स्नेही यशवंतराव नाडकर्णी यांनी भांडवल द्यायची तयारी दाखवली. पुढे फाळक्यांनी आगकाड्या एकेक चौकटीगणिक सरकवून 'आगकाड्यांची मौज' ही फिल्म केली. भारतीय सिनेमाला पहिला पैसा मिळवून दिला तो विज्ञानाच्या धड्याने, हे मला शिक्षक म्हणून फार मोलाचे वाटते. साध्या डोळ्यांना जे कधीच दिसत नाही ते फाळक्यांनी दाखवले आणि समोरच्याला पटले.

स्वातंत्र्यानंतर हे काम सरकारने हाती घेतले. मुंबईत 1948 साली फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. तिच्या कार्टून विभागात 1956 साली क्लेअर वीक्स हे डिस्नेच्या स्टुडिओतले चित्रकार शिकवायला आले. त्यांचा जन्म भारतातलाच, मिशनरी आईवडिलांच्या पोटी. त्यांच्या मार्गदर्शनाखाली जातककथेवर 'द बनियन डीअर' ही फिल्म झाली. शिकणाऱ्यांमध्ये राम मोहन होते, ज्यांना पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हटले गेले. सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवर 'शतरंज के खिलाडी' (1977) केला, त्यात अवध संस्थान इंग्रजांनी कसे गिळले हे सांगणारा कार्टूनचा तुकडा राम मोहन यांच्याच हातचा. लॉर्ड डलहौसी एकेक संस्थान चेरीसारखे तोंडात टाकतो आहे! इयत्ता आठवीचा इतिहास शिकवणाऱ्या कोणालाही हेवा वाटावा असा हा धडा आहे.

याच काळात प्रमोद पती यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी 'आबिद' (1972) ही छोटी फिल्म केली. चित्रकार, लेखक आणि व्यंगचित्रकार आबिद सुरती तिचे नायक. जिवंत माणसाला थोडे हलवायचे, थांबवायचे, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायचे. अशा रीतीने सुरती स्वतःच चित्रातले पात्र झाले. धर्मयुगातले 'ढब्बूजी' आणि इंद्रजाल कॉमिक्समधला 'बहादूर' हे त्यांचेच. वसईच्या खाडीपलीकडे मीरा रोडला राहणारे, घरोघरी जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून देणारे म्हणून लोक त्यांना आज ओळखतात. भारतीय प्रयोगशील ॲनिमेशनच्या इतिहासात आपल्या या शेजाऱ्याचे नाव आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

आणि 'एक अनेक और एकता' (1974)! माझ्या पिढीतल्या ज्यांनी दूरदर्शन पाहिले, त्यांना ही फिल्म आठवतेच. शिकाऱ्याच्या जाळ्यात अडकलेली पाखरे एकजुटीने जाळ्यासकट उडतात. ही फिल्म केली विजया मुळे या मराठी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी, आणि तिचे ॲनिमेशन केले भीमसैन यांनी. भीमसैन मूळचे मुलतानचे, फाळणीनंतर इकडे आलेले. ज्याचे घर फाळणीत सुटले त्या माणसाने देशाला एकतेची गोष्ट चित्रातून सांगितली. यावर वेगळे भाष्य करायची गरज नाही.

हे सगळे हाताने होत होते. पडद्यावर एका सेकंदाला 24 चौकटी लागतात, म्हणजे मिनिटाला 1440. एकच चित्र दोन चौकटींना वापरले तरी 720 चित्रे काढायची, रंगवायची. संगणकाने हे कष्ट कमी केले. चेंडू हातातून सुटला ती जागा आणि जमिनीवर पडला ती जागा कलावंताने सांगितली की मधल्या जागा संगणक गणिताने भरतो. पात्र एकदा त्रिमितीत घडवले, त्याच्या आत हाडांचा सांगाडा बसवला की त्याला हवे तसे चालवता येते. उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, हेही गणितच.

जगात या तंत्राचा जन्मही कारखान्यात आणि प्रयोगशाळेत झाला. बोइंग कंपनीत विल्यम फेटर विमानाच्या कॉकपिटमध्ये वैमानिकाचा हात कुठवर पोहोचेल हे संगणकावरच्या मानवाकृतीने तपासत होते. इव्हान सदरलँड यांनी 1963 मध्ये पडद्यावर थेट आकृती काढणारा 'स्केचपॅड' तयार केला. युटा विद्यापीठात एड कॅटमल यांनी 1972 मध्ये स्वतःच्या हाताचा साचा करून तो संगणकात हलवून दाखवला. तेच कॅटमल पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाले आणि 1995 मध्ये 'टॉय स्टोरी' हा संपूर्णपणे संगणकावर बनलेला पहिला लांबीचा चित्रपट आला. करमणूक आली ती मागाहून.

मुंबईत हा धंदा 1990 नंतर फोफावला. केतन मेहता आणि दीपा साही यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या कॉसमॉस-माया स्टुडिओतून 'मोटू पतलू' 2012 साली टीव्हीवर आले. व्ही. जी. सामंत यांचा 'हनुमान' 2005 चा. परदेशी चित्रपटांची कामेही इकडे येऊ लागली आणि हजारो तरुणांना रोजगार मिळाला. पण त्यात गोष्ट दुसऱ्याची आणि मेहनत आपली असा प्रकार बराच राहिला. जे. जे. मधून शिकलेल्या गीतांजली राव यांचा 'बॉम्बे रोझ' (2019) मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. संगणकावर चौकट न चौकट रंगवून केलेल्या या चित्रपटात मुंबईच्या रस्त्यावर फुले विकणारी कमला आणि काश्मीरहून आलेला सलीम यांची कथा आहे. गोष्टही आपली, शहरही आपले.

आता करमणुकीबाहेरच्या कामांकडे वळू. सीटी स्कॅन आणि एमआरआयच्या थरांवर थर रचून हृदयाचे किंवा मेंदूचे त्रिमिती चित्र बनते आणि शस्त्रक्रियेआधी डॉक्टर ते फिरवून पाहतात. वैमानिक आणि मोटरमन सिम्युलेटरवर शिकतात. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आले, तेव्हा उपग्रहाची चित्रे एकामागून एक जोडून वादळाचे भोवरे सरकताना टीव्हीवर दिसत होते. फाळक्यांच्या वाटाण्याचेच हे तंत्र, फक्त कॅमेरा आकाशात. आणि 23 ऑगस्ट 2023 ची संध्याकाळ आठवा. चांद्रयान-3 उतरताना आपण पडद्यावर जे यान पाहत होतो ते संगणकाने काढलेले चित्र होते. बाहेरून त्याचे चित्रण करायला चंद्रावर कोण असणार? पण ते चित्र मनाने रचलेले नव्हते. यानाकडून येणाऱ्या उंचीच्या आणि वेगाच्या आकड्यांवर ते उभे होते.

आता दुसरे उदाहरण. आमच्या विरार-नालासोपाऱ्यात फ्लॅट घ्यायला गेलेल्या प्रत्येकाने बिल्डरच्या ऑफिसात एक चित्रफीत पाहिलेली असते. रुंद रस्ता, दुतर्फा झाडे, कारंजे, बागेत खेळणारी मुले. तंत्र चांद्रयानाच्या चित्राचेच. पण त्यात पाण्याचा टँकर दिसत नाही, पावसात तुंबलेला रस्ता दिसत नाही, आणि इमारतीला परवानगी आहे की नाही हे तर मुळीच दिसत नाही. आयुष्यभराची कमाई लोक त्या चित्रावर टाकतात. अनधिकृत इमारतींनी या भागातल्या किती कुटुंबांना रस्त्यावर आणले हे आपण पाहतोच आहोत. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेने कोणाच्याही तोंडी काहीही घालता येते आणि ते क्षणात व्हॉट्सॲपवर फिरते. त्यातून गावात तेढ निर्माण व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून वर्गात मुलांना मी एक प्रश्न विचारायला सांगते : या चित्रामागे काय आहे? फाळक्यांच्या चित्रामागे खरा वाटाणा होता, इस्रोच्या चित्रामागे खरे आकडे होते. बिल्डरच्या चित्रामागे काय आहे? मोबाइलवर आलेल्या व्हिडिओमागे कोण आहे? वाचता येणे म्हणजे साक्षरता, तसे चित्राची चौकशी करता येणे हीही आजची साक्षरताच आहे.

चौकशीबरोबर निर्मितीही शिकवली पाहिजे. पुण्यात 1984 पासून 'बालचित्रवाणी' शालेय कार्यक्रम बनवत होती, ती 2017 मध्ये बंद झाली. 2025 मध्ये मुंबईत पेडर रोडच्या जुन्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात या क्षेत्रासाठी नवी राष्ट्रीय संस्था सुरू झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण आमच्या उर्दू आणि मराठी माध्यमातल्या मुलांना तिथवर पोहोचायचे तर पहिली पायरी शाळेतच हवी. साधनांचा बाऊ करायचे कारण नाही. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यावर बनलेल्या लॅटव्हियाच्या 'फ्लो' या चित्रपटाने 2025 मध्ये ऑस्कर मिळवला. त्या देशाची लोकसंख्या 20 लाखांच्या आत आहे. एकट्या वसई-विरार शहराची 2011 च्या जनगणनेत 12 लाखांच्या वर होती.

विषय तर आपल्या दारात पडले आहेत. सम्राट अशोकाचा शिलालेख जिथे सापडला आणि अरब प्रवाशांनी ज्याचा 'सुबारा' म्हणून उल्लेख केला, ते सोपारा बंदर आज मुलांना दिसत नाही. तिथली जहाजे, व्यापारी, भिक्खू संगणकावर उभे करता येतील. वसईचा किल्ला 1739 पूर्वी कसा दिसत होता तेही दाखवता येईल. फक्त आधी पुस्तके वाचावी लागतील, मोजमापे घ्यावी लागतील, जाणकारांना विचारावे लागेल. नाहीतर तेही बिल्डरचेच चित्र होईल.

तेव्हा पालकांना विनंती आहे. मूल वहीच्या कोपऱ्यात माणूस काढून पाने भराभरा उलटत असेल आणि त्या माणसाला पळवत असेल, तर वही हिसकावून घेऊ नका. पुढे काय होते ते त्याला विचारा आणि गोष्ट पूर्ण करायला सांगा.