भाग: गुरुवारी पाऊस आहे का? आठवड्याच्या अंदाजाची गोष्ट

होळी झाली की आमच्या काकांचा फोन ठरलेला. "अरे, मोबाईलमध्ये बघून सांग, गुरुवारी पाऊस आहे का? गहू उभा आहे, हार्वेस्टर शुक्रवारी मिळतंय."

मागे एकदा मी ॲप बघितलं. गुरुवार, पावसाची शक्यता 40 टक्के. मी म्हटलं, "नाही पडणार काका, थांबा." गुरुवारी संध्याकाळी गारा पडल्या. दोन एकर गहू आडवा. काका मला काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून मला प्रश्न पडला, हा आकडा येतो कुठून?

गोष्ट सुरू होते पहिल्या महायुद्धात. लुईस फ्राय रिचर्डसन नावाचा इंग्रज फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवायचा आणि वेळ मिळेल तेव्हा हातानं गणितं करायचा. 20 मे 1910 या दिवसाचं हवामान समीकरणांनी काढता येतं का, एवढंच त्याला बघायचं होतं. उत्तर आलं, सहा तासांत हवेचा दाब 145 मिलिबारनं वाढेल! असं कधी होतच नाही. प्रत्यक्षात दाब जवळपास स्थिर होता. तरी पठ्ठ्यानं 1922 मध्ये ते चुकलेलं उत्तर पुस्तकात छापलं. पुढे कळलं की समीकरणं बरोबर होती, सुरुवातीच्या नोंदींमध्ये गोंधळ होता. आमच्या भाषेत, कोड ठीक, इनपुट खराब.

1950 मध्ये अमेरिकेत एनिॲक या संगणकानं तेच काम केलं. 24 तासांचा अंदाज काढायला साधारण 24 तासच लागले! म्हणजे अंदाज येईपर्यंत उद्या उजाडलेला.

मग 1961. एडवर्ड लॉरेन्झनं आपल्या मॉडेलमध्ये 0.506127 ऐवजी 0.506 टाकलं. एवढ्याशा फरकानं पुढचं सगळं हवामानच बदललं. म्हणून आता एकच अंदाज काढत नाहीत. सुरुवातीच्या आकड्यांत थोडा थोडा फरक करून मॉडेल अनेकदा चालवतात. युरोपच्या केंद्रात हे 1992 पासून चालतं. 50 पैकी 20 वेळा पाऊस दिसला, तर साधारण 40 टक्के.

आणि आपण? भारतीय हवामान खातं 1875 चं. 1928 मध्ये त्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरला आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. 1980 च्या दशकात हवामानासाठी आपल्याला मोठा क्रे संगणक हवा होता, अमेरिकेनं लहान दिला. त्याच काळात, 1988 मध्ये, पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि 1991 मध्ये 'परम 8000' आला. आज जिल्ह्यासाठी पाच दिवसांचा अंदाज आणि शेतीचा सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी मिळतो.

आता कळलं, माझं काय चुकलं ते. 40 टक्के म्हणजे 'नाही' नव्हे. असा अंदाज दहा वेळा दिला, तर साधारण चार वेळा पाऊस पडतो. ॲप खोटं बोललं नव्हतं, मीच आकड्याचं 'नाही' करून टाकलं होतं. आणि थांबायचं की नाही, हे ठरवणारा मी कोण? गहू काकांचा होता.

यंदा परत फोन आला. म्हटलं, "काका, दहात तीन वेळा पडेल असं दिसतंय. उद्या परत बघून सांगतो, तोवर आकडा बदलेल."

काका म्हणाले, "मग बुधवारीच माणसं लावून काढतो. मजुरी जाईल, पण गहू तरी घरात येईल."

तुमच्या घरीही असा फोन येत असेल. पुढच्या वेळी हो-नाही सांगू नका, आकडा सांगा. भेटू पुढच्या भागात!