खानदेश (नाव व व्याप्ती)

खानदेश : तापी खोऱ्यातील एक ऐतिहासिक प्रदेश. या एकाच शब्दाने निरनिराळ्या काळी निरनिराळ्या मुलखांचा बोध होतो. म्हणून जुन्या कागदातील ‘खानदेश’चा अर्थ लावताना त्या कागदाचा काळ आधी पाहावा लागतो. कृष्णाचा तो ‘कान्हदेश’, अशी व्युत्पत्ती लोकपरंपरेत रूढ आहे. काही अभ्यासक या नावाचा संबंध यादवांच्या सेऊणदेशाशी जोडतात. गुजरातच्या सुलतानाने फारूकी राजास दिलेल्या ‘खान’ या किताबावरून ते पडले, असे मत सामान्यतः मांडले जाते. १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर अकबराने शाहजादा दानियाल याच्या नावावरून प्रदेशास ‘दानदेश’ म्हटले. ते नाव टिकले नाही. फारूकी व मोगल काळातील खानदेशात सध्या मध्य प्रदेशात असलेल्या बऱ्हाणपूरचा समावेश होई. इंग्रजी अमलात (१८१८ नंतर) खानदेश हा एक जिल्हा होता व धुळे हे त्याचे मुख्य ठाणे. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. तेच पुढे अनुक्रमे जळगाव व धुळे जिल्हे होत. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. खानदेश नावाचा जिल्हा आता नाही. व्यवहारात मात्र या तिन्ही जिल्ह्यांना मिळून खानदेशच म्हणतात.