घाटावर कोणती, घाटाखाली कोणती?
दोन इलेक्ट्रिक एसयूव्हींमधून निवड करताना बुलढाणेकरांनी काय पाहावे

बुलढाणा : पंचवीस-तीस लाख रुपयांची गाडी घेणे हा जिल्ह्यातील कोणत्याही कुटुंबासाठी मोठा निर्णय होय. ती गाडी विजेवर चालणारी असेल, तर त्या निर्णयाला आणखी काही प्रश्न येऊन चिकटतात. खामगाव-मलकापूरचे व्यापारी, चिखली-मेहकरचे डॉक्टर, कंत्राटदार आणि बागायतदार यांच्यापुढे या किमतीत प्रामुख्याने दोन नावे येतात. पहिले महिंद्राची एक्सईव्ही ९ई आणि दुसरे टाटाची हॅरियर ईव्ही. पहिलीचे अनावरण नोव्हेंबर २०२४ मध्ये झाले, तर दुसरी ३ जून २०२५ रोजी बाजारात आली. एक चाकणला तयार होते, दुसरी पुण्यातील कारखान्यात. दोन्ही महाराष्ट्रातच घडत असल्या, तरी त्यांचा स्वभाव मात्र वेगळा आहे.

महानगरातील ग्राहकाला या दोहोंमधील निवड बरीचशी आवडीनिवडीची वाटू शकते. बुलढाण्यात तसे नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग केले आहेत. मुंबई-हावडा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव असा घाटाखालून जातो. जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या बुलढाणा शहराला आजही रेल्वे नाही. त्यामुळे रुग्णालय असो, न्यायालय असो की मुलांचे शिक्षण, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठण्यासाठी येथील माणसाला रस्त्यावरच भिस्त ठेवावी लागते. अशा ठिकाणी गाडीची निवड कंपनीच्या माहितीपत्रकावरून न करता रोजचा रस्ता आणि घरची वीज पाहून करणे शहाणपणाचे ठरेल.

एका दृष्टिक्षेपात

महिंद्रा एक्सईव्ही ९ई : बॅटरी ५९ किंवा ७९ युनिट (किलोवॅट-तास). प्रमाणित पल्ला अनुक्रमे ५४२ व ६५६ किलोमीटर. शक्ती फक्त मागील चाकांना. लांबी ४,७८९ मिलिमीटर. मागील डिकी ६६३ लिटर, पुढील १५० लिटर. बाजारात येताना जाहीर झालेली शोरूम किंमत २१.९० ते ३०.५० लाख रुपये.

टाटा हॅरियर ईव्ही : बॅटरी ६५ किंवा ७५ युनिट. प्रमाणित पल्ला ६५ युनिटला ५३८, तर ७५ युनिटला मागील चाकांच्या गाडीत ६२७ व चारही चाकांच्या गाडीत ६२२ किलोमीटर. लांबी ४,६०७ मिलिमीटर. मागील डिकी ५०२ लिटर. शोरूम किंमत २१.४९ लाखांपासून, तर चारही चाकांना शक्ती देणारी गाडी २८.९९ लाखांपासून जाहीर झाली होती.

दोन्ही गाड्या पाच आसनी आहेत. भारत एनकॅपच्या अपघात चाचणीत दोघींनाही पाच तारे मिळाले असून प्रौढांच्या सुरक्षेत ३२ पैकी ३२, तर बालकांच्या सुरक्षेत ४९ पैकी ४५ असे समसमान गुण आहेत. सुरक्षिततेच्या निकषावर त्यामुळे डावे-उजवे करता येत नाही. सात माणसांची सोय हवी असल्यास महिंद्रानेच नोव्हेंबर २०२५ मध्ये आणलेल्या एक्सईव्ही ९एस या गाडीचा वेगळा विचार करावा लागेल.

पल्ल्याचे खरे गणित

कागदावरचा पल्ला चाचणीच्या ठरावीक परिस्थितीतील असतो. रस्त्यावर तो हमखास कमी भरतो. टाटाने चारही चाकांच्या गाडीसाठी स्वतःच ४६० ते ४९० किलोमीटर असा प्रत्यक्षातील अंदाज दिला आहे. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरच्या आसपास, वातानुकूलन सुरू ठेवून आणि चार माणसे बसवून गाडी हाकली, तर त्याहूनही खाली यावे लागते. वेग वाढला की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि बॅटरी त्याच प्रमाणात लवकर उतरते.

शंभर किलोमीटरला २० युनिट वीज लागेल असे सावधपणे धरले, तर ७९ युनिटची बॅटरी ३९५ आणि ७५ युनिटची बॅटरी ३७५ किलोमीटर नेईल. कागदावर ३४ किलोमीटरचे दिसणारे अंतर येथे वीसवर येते. पंधरा टक्के वीज राखीव ठेवण्याची सवय लावली, तर भरवशाचा पल्ला अनुक्रमे ३३५ आणि ३२० किलोमीटर उरतो. बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणे दोन्ही गाड्यांना जमू शकते. नागपूर मात्र साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास असून पुणे त्याहून लांब आहे. वाटेत एकदा चार्जिंगसाठी थांबणे कोणत्याही गाडीला चुकत नाही. लहान बॅटरीची आवृत्ती घेतली, तर ही सगळी गणिते आणखी आखडतात. ज्यांचा प्रवास बुलढाणा, चिखली, खामगाव, शेगाव एवढ्यापुरताच आहे, त्यांना ती पुरेशी आहे. इतरांनी मोठ्या बॅटरीसाठी जादा पैसे मोजणे हिताचे.

घाटाची धास्ती मात्र अनाठायी होय. मलकापूरकडून राजूर घाट किंवा खामगावकडून बोथा घाट चढताना गाडी तीनशे मीटरहून अधिक उंची गाठते. सव्वादोन-अडीच टन वजन तेवढे वर नेण्यास जादा लागणारी वीज साधारण दोन-अडीच युनिट, म्हणजे दहा-बारा किलोमीटरच्या पल्ल्याएवढी असते. उतरताना मोटारच जनित्राचे काम करते आणि त्यातील काही वीज बॅटरीत परत येते. ब्रेकवरचा ताणही त्यामुळे हलका होतो. मात्र घरून शंभर टक्के भरलेली बॅटरी घेऊन घाट उतरल्यास परत येणारी वीज साठवायला जागा नसते. घाटावरच्या मालकांनी हे ध्यानात ठेवावे.

जलद चार्जिंगचा देखावा

एक्सईव्ही ९ईची मोठी बॅटरी १७५ किलोवॅटपर्यंतची शक्ती स्वीकारते आणि २० ते ८० टक्के चार्जिंग २० मिनिटांत होते, असे कंपनी सांगते. हॅरियर ईव्हीची मर्यादा १२० किलोवॅट असून तेवढ्याच कामाला तिला २५ मिनिटे पुरतात. परंतु चार्जर स्वतः किती शक्ती देऊ शकतो, यावर हे सारे अवलंबून आहे. चार्जर ६० किलोवॅटचा असेल, तर दोन्ही गाड्यांना पाऊण तासाहून अधिक थांबावे लागेल. ३० किलोवॅटचा असेल, तर दीड तास मोडला म्हणून समजावे. महिंद्राची श्रेष्ठता खरी आहे, पण ती उपभोगण्यासाठी तेवढा सशक्त चार्जर आपल्या वाटेवर असला पाहिजे. खरेदीपूर्वी आपण नेहमी जातो त्या मार्गावरील चार्जर किती किलोवॅटचे आहेत, एका ठिकाणी किती आहेत आणि ते सुरू असतात का, याची स्वतः फेरी मारून खातरजमा करावी.

ग्राहकासाठी जमेची बाजूही आहे. राज्याच्या इलेक्ट्रिक वाहन धोरण २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफीची तरतूद आहे. प्रमुख महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्टही त्यात आहे. समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजा भागातून जात असल्याने जिल्ह्याला त्याचा थेट लाभ होतो. फास्टॅग गाडीच्या नोंदणीशी नीट जोडलेला आहे, याची मात्र आधीच खात्री करून घ्यावी.

घरची वीज हाच पेट्रोल पंप

इलेक्ट्रिक गाडीचे खरे चार्जिंग रात्री घरीच व्हायला हवे. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ७५ युनिटची रिकामी बॅटरी भरायला जवळपास एक दिवस लागतो. ७.२ किलोवॅटच्या भिंतीवरील चार्जरला साधारण अकरा तास पुरतात. एक्सईव्ही ९ईसाठी ११.२ किलोवॅटचा चार्जरही मिळतो आणि तो आठ तासांत काम उरकतो. परंतु त्याला थ्री-फेज जोडणी लागते. ७.२ किलोवॅटचा चार्जर सिंगल फेजवर चालतो, तरी तो एकटाच सुमारे ३२ अँपिअर वीज ओढतो. जुन्या घरातील वायरिंग आणि अर्थिंग एवढा भार सोसेल का, महावितरणकडील मंजूर भार वाढवावा लागेल का आणि खेड्यात असल्यास रात्रीचा वीजदाब स्थिर असतो का, हे प्रश्न गाडीची नोंदणी करण्यापूर्वी सुटले पाहिजेत. चार्जर व तो बसविण्याचा खर्चही किमतीत धरावा.

खर्चाचा हिशेबही डोळसपणे करावा. महिन्याला १,५०० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला सुमारे ३०० युनिट लागतील. लिटरला १२ किलोमीटर देणाऱ्या डिझेल गाडीला तेवढ्यासाठी १२५ लिटर लागतात. डिझेलचा दर ९० रुपये धरल्यास तो खर्च ११,२५० रुपये होतो. वीज १२ रुपये युनिट पडली, तर खर्च ३,६०० रुपये आणि १८ रुपये पडली, तर ५,४०० रुपये. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढत जातो आणि हे ३०० युनिट सर्वांत वरच्या टप्प्यात जाऊन बसू शकतात. ईव्ही चार्जिंगच्या दरश्रेणीत स्वतंत्र मीटर घेणे परवडते का, याची महावितरणकडे चौकशी करावी. ज्यांच्या घराला मोकळी गच्ची आहे, त्यांना पंतप्रधान सूर्यघर योजनेतून छतावरील सौर संचासाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. सार्वजनिक जलद चार्जरवरच विसंबणाऱ्याची बचत मात्र बरीच कमी होते.

करांमध्ये दोन्ही गाड्यांना सारखीच सवलत आहे. इलेक्ट्रिक मोटारींवर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे, तर मोठ्या डिझेल एसयूव्हींवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. वीस लाखांवरील डिझेल गाडीला राज्यात सुमारे १५ टक्के मोटार वाहन कर पडतो. एमएच-२८ क्रमांकाच्या इलेक्ट्रिक गाडीला राज्याच्या धोरणानुसार तो माफ आहे. तीस लाखांवरील इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर लावण्याचा २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातील प्रस्ताव सरकारने मार्च २०२५ मध्येच मागे घेतला होता.

काळी माती आणि वैशाखातले ऊन

दोन गाड्यांमधील निर्णायक भेद येथे आहे. घाटाखालच्या पूर्णाकाठच्या शिवारात काळी कसदार जमीन आहे. पावसाळ्यात तेथील पांदण रस्त्यांवर मागील दोन चाकांना शक्ती देणारी जड गाडी रुतण्याची भीती असते. एक्सईव्ही ९ईमध्ये चारही चाकांना शक्ती देणारी आवृत्ती नाही. हॅरियर ईव्हीच्या ७५ युनिटच्या वरच्या आवृत्तीत दोन मोटारी असून चिखल, वाळू, खडकाळ वाट यांसाठी वेगवेगळ्या पद्धती निवडता येतात. गाडीच्या बॅटरीतून ३.३ केव्हीएपर्यंतची बाहेरची उपकरणे चालविण्याची सोयही तीत आहे. वीज गेलेल्या शेतघरात दिवे-पंखे चालविण्यास ती उपयोगी पडते.

उलटपक्षी, महिंद्राची डिकी १६१ लिटरने मोठी आहे आणि पुढेही १५० लिटरची जागा आहे. शेगाव-लोणार करीत पुण्या-मुंबईला जाणाऱ्या कुटुंबाला सामानाची ही ऐसपैस जागा मोलाची वाटेल. तिची जवळपास १८ सेंटिमीटर जादा लांबी मात्र जुन्या पेठेच्या बोळात आणि वाड्याच्या दारात आड येऊ शकते. दोन्ही गाड्यांच्या बॅटऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या आहेत. हा प्रकार उष्णतेला तुलनेने अधिक टिकाऊ मानला जातो. तरीही मे महिन्यात पारा ४२ अंशांपलीकडे जातो तेव्हा काचेच्या छताखाली मागच्या आसनावर कसे वाटते, हे भर दुपारी फेरी मारूनच ठरवावे. एक्सईव्हीचे छत मागे उतरते आहे. उंच माणसांनी मागे बसून पाहिलेले बरे.

बॅटरीला दोन्ही कंपन्या पहिल्या खासगी मालकासाठी आजीवन हमी देतात. गाडी विकल्यास किंवा व्यवसायाच्या नावावर घेतल्यास अटी बदलू शकतात. त्या लेखी मागून घ्याव्यात. अधिकृत सेवा केंद्र किती दूर आहे आणि उच्चदाबाच्या बॅटरीचे काम तेथेच होते की गाडी अकोला-संभाजीनगरला न्यावी लागते, हेही विचारावे.

निवड कोणी, कशी करावी?

ज्यांचा महिन्यातील बराच प्रवास समृद्धी आणि इतर महामार्गांवर होतो, सामान अधिक असते आणि घरी थ्री-फेज जोडणी आहे, त्यांना ७९ युनिटची एक्सईव्ही ९ई अधिक सोयीची. ज्यांना शेत, खदान, कामाची ठिकाणे आणि पावसाळ्यातील कच्चे रस्ते चुकत नाहीत, त्यांनी चारही चाकांची हॅरियर ईव्ही पाहावी. कच्चा रस्ता क्वचितच लागणाऱ्याने त्या आवृत्तीचे जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. मागील चाकांची ७५ युनिटची हॅरियर त्याला पुरेल.

आणि ज्यांच्याकडे गाडी लावण्यास स्वतःची जागा व तेथे खात्रीची वीज नाही, त्यांनी तूर्त या दोहोंपैकी एकही घेऊ नये. तीस लाखांची गाडी दारात आहे आणि रात्री भरायला वीज नाही, या अडचणीवर कोणत्याही कंपनीची हमी उपयोगी पडत नाही. म्हणून शोरूमची पायरी चढण्याआधी घरचे मीटर, वायरिंग आणि मंजूर भार तपासून घ्यावा. गाडी कोणती, हे त्यानंतर ठरवता येईल.