चिमणराव आता कुणालाही घेता येतात, पण दूरदर्शनवाले नाही! जुन्या मालिकांवरून सिनेमे कसे बनतात?

जुन्या मालिकेची एखादी क्लिप व्हायरल झाली की खाली कमेंट ठरलेली असते, ‘यावर सिनेमा काढा राव!’ मागणी सोपी आहे. पण मराठीत असे सिनेमे किती आले हे मोजायला बसलं, तर एका हाताची बोटंही पुरून उरतात. आणि जे आले त्यातही खरा ‘रिमेक’ म्हणावा असा सापडणं अवघड. असं का, ते समजून घ्यायचं तर सुरुवात चिमणरावांपासून करावी लागते.

टीव्ही पोहोचला नाही तिथे सिनेमा पोहोचला

दूरदर्शनचं मुंबई केंद्र १९७२ मध्ये सुरू झालं. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९७७ मध्ये, या केंद्रावर ‘चिमणराव’ मालिका लागली. चिमणरावांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे. ही जोडी इतकी गाजली की १९७९ मध्ये ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ नावाचा सिनेमा आला आणि त्यातही हेच दोघं होते.

आज हे उलटं वाटेल. मालिका घरात फुकट दिसते, मग तिकीट काढून तेच बघायला कोण जाईल? पण तेव्हा मुंबई-पुण्याचा पट्टा सोडला तर महाराष्ट्राच्या बहुतांश भागात टीव्हीच दिसत नव्हता. दूरदर्शनची छोटी प्रक्षेपण केंद्रं गावोगावी उभी राहिली ती पुढच्या दशकात. म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातल्या कित्येक प्रेक्षकांसाठी प्रभावळकरांचा चिमणराव पहिल्यांदा दिसण्याची जागा थिएटर हीच होती.

पण चिमणराव काही टीव्हीवर जन्मलेले नाहीत. बडोद्यात पाली भाषा शिकवणाऱ्या आणि तिथल्या राजदप्तराचं काम पाहणाऱ्या चिं. वि. जोशींनी त्यांना कथांमधून उभं केलं. या कथांवर मास्टर विनायक यांनी १९४० मध्येच ‘लग्न पहावं करून’ हा सिनेमा केला. त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव होते, तर विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. म्हणजे क्रम असा लागतो: पुस्तक, सिनेमा, मालिका, पुन्हा सिनेमा. तरीही चिमणराव म्हटलं की आजी-आजोबांच्या पिढीच्या डोळ्यासमोर प्रभावळकरच येतात. मालिकेची ताकद ही. पडद्यावरचा नट तीन तासांचा पाहुणा असतो, मालिकेतला नट घरचा होऊन जातो.

फेणे परत आला, पण कुठून?

दुसरं मोठं उदाहरण फास्टर फेणेचं. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे १९८७ च्या सुमारास दूरदर्शनवर आला, तेव्हा ती भूमिका लहानग्या सुमीत राघवनने केली होती. (पुस्तकातला बन्या सायकलवरून सुसाट सुटायचा. आज आमच्या कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून फुरसुंगीला निघालात, तर हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये सायकलवालाच आधी पोहोचेल.)

तीस वर्षांनी, २०१७ मध्ये, आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘फास्टर फेणे’ सिनेमा आला. अमेय वाघचा फेणे शाळकरी राहिला नव्हता. तो मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायला पुण्यात येतो आणि परीक्षेच्या घोटाळ्याचा माग काढतो. गिरीश कुलकर्णींचा खलनायकही बालकथेतला नाही, चांगलाच घाबरवणारा आहे. आणि खुद्द भा. रा. भागवतांच्या भूमिकेत कोण? दिलीप प्रभावळकर.

हा सिनेमा मालिकेचा रिमेक नव्हता. निर्मात्यांनी मालिका बाजूला ठेवली आणि थेट पुस्तकातलं पात्र उचलून आजच्या काळात आणलं. माझ्या मते हा निर्णय शहाणपणाचा होता. पंचवीस-तीस वर्षांच्या प्रेक्षकाने ती मालिका पाहिलेलीच नव्हती. पुस्तकं मात्र घरात होती.

मालिका जशीच्या तशी मोठी केली तर?

हिंदीत हा प्रयोग झालाय. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘खिचडी’वर २०१० मध्ये सिनेमा आला, मग २०२३ मध्ये दुसराही. ‘ऑफिस ऑफिस’वरून २०११ मध्ये ‘चला मुसद्दी... ऑफिस ऑफिस’ आला. पंकज कपूर तेच, आसावरी जोशींसकट ऑफिसातली मंडळी तीच. गोष्ट मात्र एकच लांबलचक: सरकारी कागदावर मेलेल्या निवृत्त माणसाला आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचंय.

अडचण इथेच येते. विनोदी मालिकेचा भाग वीस-बावीस मिनिटांचा असतो आणि शेवटी सगळं पूर्वपदावर येतं. पुढच्या आठवड्यात मुसद्दीलाल नव्याने फसायला तयार! सिनेमात दोन तासांत पात्र कुठून तरी कुठे तरी जावं लागतं. ते बदललं तर ‘आमचा मुसद्दी असा नव्हता’ म्हणतात, नाही बदललं तर ‘चार एपिसोड जोडलेत’ म्हणतात.

हॉलिवूडने तर पात्रच उलटं करून पाहिलं. ‘मिशन: इम्पॉसिबल’ मालिकेतला प्रमुख जिम फेल्प्स १९९६ च्या सिनेमात गद्दार निघाला. मूळ मालिकेतले कलाकार नाराज झाले, सिनेमा मात्र तुफान चालला.

कधी कधी तर रिमेक नसतानाही मालिका मानगुटीवर बसते. ओम राऊतचा ‘आदिपुरुष’ २०२३ मध्ये आला, तेव्हा लोकांनी तो रामानंद सागरांच्या ‘रामायण’शेजारी ठेवूनच पाहिला. लॉकडाऊनमध्ये ती मालिका नुकतीच पुन्हा दाखवली गेली होती. शेवटी सिनेमातले काही संवाद बदलावे लागले.

मग हक्क कुणाचा?

भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्यावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि ती मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. चिं. वि. जोशींचं निधन १९६३ मध्ये झालं. म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या चिमणरावांच्या कथा १ जानेवारी २०२४ पासून सगळ्यांसाठी खुल्या झाल्या. उद्या तुम्ही त्यावर रील करा, वेबसिरीज करा किंवा सिनेमा, परवानगी लागत नाही.

दूरदर्शनच्या मालिकेचं गणित वेगळं आहे. चित्रीकरणावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूवर अवलंबून नसतो, तो प्रदर्शनापासून ६० वर्षं असतो. त्यामुळे १९७७ मधले भाग २०३७ च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहेत. मूळ कथेत नसलेला, पटकथाकाराने मालिकेसाठी रचलेला प्रसंग किंवा संवाद तुम्हाला उचलता येणार नाही. गंमत अशी की प्रेक्षकाला नेमकं तेच आठवत असतं.

फेणेच्या बाबतीत हा प्रश्न अजून लांब आहे. भागवतांचं निधन २००१ चं, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांचे हक्क २०६१ अखेरपर्यंत वारसांकडे किंवा त्यांनी ज्यांना दिले त्यांच्याकडे.

आणि कमेंटमध्ये ज्या नावाची सगळ्यात जास्त मागणी दिसते, ते ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’? २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झालेली, केदार शिंदे दिग्दर्शित ही मालिका प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनावर बेतलेली होती. पुस्तकावरून नवा सिनेमा करायचा तर लेखकाची परवानगी हवी. मालिकेतलेच प्रसंग हवे असतील, तर मालिकेचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांचीही. आणि आबांच्या खुर्चीत दुसरा नट बसवायचा, तर प्रेक्षकांची.